उजवा हात दर्याचा

डॉक्टर मृणालिनींनी मंजुळाच्या सुजलेल्या डाव्या मनगटावर पुन्हा साबणाचं पाणी घातलं आणि हिरव्या बांगड्या पुढं ओढून पाहिल्या. मंजुळा कळवळली. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत.

सकाळी वेसाव्याच्या धक्क्यावर मासळीची पाटी घेऊन ती घसरली होती. हाड मोडलेलं, प्लास्टर घालायला हवं, आणि ही बाई कधीची हात पोटाशी धरून नाहीच म्हणत होती. बोटं निळसर व्हायला लागली होती.

"फोडून टाकू या ना आता," डॉक्टर म्हणाल्या.

"तसं बोलू नको बाय. मालक दर्यात हाय. होरी लागू दे, मग काय ते कर."

"कधी येणार होडी?"

मंजुळाने खिडकीकडं पाहिलं. होडी काल संध्याकाळीच यायची होती.

"अहो, बोटं जातील तुमची. उजव्या हातात भरा दुसऱ्या."

"उजवा दर्याचा."

लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या तिने दर्याला दिल्या होत्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. कोळणीच्या त्या हातात पुन्हा बांगडी चढत नाही. उरला हा डावा, आणि नेमका तोच मोडावा, आता काय म्हणायचं याला!

दार ढकलून तिची सासू पार्वती आत आली. मंजुळाला हायसं वाटलं. म्हातारी रीतभातीला भलती कडक. आता डॉक्टरीणबाईंची धडगत नव्हती.

पार्वतीने सुनेची बोटं दाबून पाहिली. मग तिचा हात हलकेच पोटापासून सोडवून टेबलावर ठेवला.

"वाढव बाय," ती डॉक्टरांना म्हणाली. फोड हा शब्द बांगडीसाठी तिच्याही तोंडी आला नसता.

"आये, मालक दर्यात हाय."

"म्हाईत हाय. माझाच पोर हाय तो." पार्वतीने आपलं उघडं मनगट सुनेसमोर धरलं. "त्याचा बापूस गेला तवा माझ्या हातात साऱ्या होत्या. एक पन तडकली नव्हती."

मंजुळाने हात सैल सोडला आणि डोळे मिटून घेतले.

प्लास्टर होईपर्यंत पार्वतीला दम निघेना. सारखी दाराशी जायची, पदर खोचायची, परत यायची. बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, कुठं, कोळीवाड्यात?

"धक्क्यावर," पार्वती म्हणाली, आणि सुनेच्या आधी स्वतःच आत चढून बसली.