कोरी पट्टी

बुद्धप्रिया सर्वगोड यांना 'बघू' या शब्दाचा मनापासून राग होता. माणसानं नाही म्हणावं, भांडता येतं. हो म्हणावं, कामाला लागता येतं. 'बघू' म्हणणाऱ्याचं काय करायचं? सोलापुरातल्या एका कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत, आणि दर उन्हाळ्याआधी एकच मागणी घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये जात. सुट्टीत पदवीच्या पोरांना एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली खरंखुरं संशोधन करू द्या आणि त्या महिन्यांचे त्यांना पैसे द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. प्राचार्य चहा मागवत आणि 'बघू' म्हणत.

पैसे कशाला, शिकायचं तर पोरांनी फुकट शिकावं, असं कुणी म्हटलं की मॅडमचा पारा चढे. सुट्टी लागली की त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसतात, नाही तर कापडाच्या दुकानात घड्या घालतात. ज्याला फुकट संशोधन परवडतं तो तोवर पुण्याला क्लास लावून मोकळा झालेला असतो. मॅडम स्वतः सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या, तशाच घरातल्या. त्यांच्या बी.एस्सी.च्या सुट्ट्या एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारण्यात गेल्या, आणि सूक्ष्मदर्शकावर स्वतःच्या मनाजोगं काही बघायला मिळालं ते थेट एम.एस्सी.ला. हे त्या कुणाला सांगत नसत, पण भांडायला उभं राहिलं की ते आतून रेटत असे.

यंदा मात्र घोडं गंगेत न्हालं. कॉलेजचे एक माजी विद्यार्थी, टॉवेलचे कारखानदार विठ्ठल येमूल, यांनी पैसे द्यायचं कबूल केलं. अट एकच होती. पहिल्या वर्षी एकच प्रकल्प घ्यायचा, मध्यावर त्याचा आढावा व्हायचा. काम दिसलं तर पुढचा हप्ता मिळेल आणि पुढच्या वर्षी योजना वाढेल. नाही दिसलं तर तिथंच पूर्णविराम.

मॅडमनी पूनम मेटकरीला निवडलं. पूनम दुसऱ्या वर्षाला होती, मंगळवेढ्याच्या पुढच्या एका वस्तीवरून आलेली, मेंढपाळाची मुलगी. एकदा वर्गात तिनं विचारलं होतं, मेंढरं बसवलेल्या रानात ज्वारी जोमानं येते ती नुसत्या लेंड्यांनी, की मातीतले जिवाणू वाढतात म्हणून? मेंढरांचं नाव निघताच वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि त्याच प्रश्नाचा उन्हाळ्यात प्रकल्प झाला.

त्या भागात मेंढरं बसवणं हा रिवाजच आहे. पिकं निघाली की मेंढपाळ आपला कळप रात्रीपुरता कुणाच्या तरी मोकळ्या रानात बसवतो, रानाला खत मिळतं, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देतो. पूनमचा बेत साधा होता. घरच्याच रानाचा मधोमध दोरी धरून दोन भाग करायचे. एका भागात काही रात्री मेंढरं बसवायची, दुसरा भाग कोरा ठेवायचा. मग दोन्हींतली माती कॉलेजात आणायची, काचेच्या बशांमध्ये तिच्यातले जिवाणू वाढवायचे आणि फरक मोजायचा. पूनमचा बाप बिरुदेव याला मॅडम स्वतः जाऊन भेटल्या. त्यांनी तुलना, प्रमाण, निष्कर्ष असं बरंच काही समजावलं. बिरुदेवनं मान डोलावली आणि लेकीच्या मॅडमना ताकाचा दुसरा तांब्या दिला.

ठरल्या दिवशी दोघी माती आणायला गेल्या. दोरी जागच्या जागी होती. पण कोऱ्या ठेवलेल्या पट्टीत पूनमला लेंड्या दिसल्या. एखाद-दुसरी चुकून आलेली नव्हे, सगळीकडे सारख्या पसरलेल्या. ती खाली वाकली, परत उभी राहिली आणि तिनं मॅडमना हाक मारली.

बिरुदेव मात्र खुशीत होता. त्यानंच आपणहून सांगितलं, "पोरीच्या नावानं रान सोडलंय, त्यात अर्ध्याला दिऊन अर्ध्याला उपाशी ठिवायचं व्हय? आमच्यात असलं डावं-उजवं करत न्हाईत. शेवटच्या रात्री सगळी मेंढरं तिकडं बसवली. आता कसं, सगळं रान एकसारखं झालं."

त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरच होतं. ज्याच्या रानात मेंढरं सगळीकडे सारखी बसतात तोच मेंढपाळ चांगला. अर्धं रान कोरडं ठेवून गेलेल्या माणसाला दुसऱ्या साली कोण बोलावणार? त्यात हे तर लेकीच्या परीक्षेचं रान. बापानं मायेनं हात सैल सोडला आणि सगळा प्रयोग मातीत घातला.

पूनम बापावर ओरडली नाही, हे मॅडमना आवडलं. स्वतः त्या ओरडल्या असत्या. परतीच्या एस.टी.त पूनम खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि मॅडम मनात स्वतःलाच शिव्या घालत होत्या. दोरी कुठं बांधायची ते त्यांनी बिरुदेवला सांगितलं होतं. पलीकडची पट्टी मोकळी ठेवा, हेही सांगितलं होतं. का मोकळी ठेवायची, हे त्याला कळेल असं कुणीच सांगितलं नव्हतं.

आढावा तोंडावर आलेला. उपप्राचार्य हत्तुरे यांना मॅडमनी खरं ते सांगितलं. हत्तुरे माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना भानगड नको होती. त्यांनी सुचवलं की बांधापलीकडची थोडी माती आणा आणि तीच कोऱ्या पट्टीतली म्हणून दाखवा. येमूल टॉवेलवाला माणूस, त्याला मातीतलं काय कळतंय? एवढ्याशा गोष्टीसाठी योजनाच बुडवायची का, असंही ते म्हणाले.

मॅडमनी ते तिथंच झटकून टाकलं नाही. पुढच्या वर्षीची पाच-सहा पोरं त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, शिलाईच्या मशीनवर वाकलेली. एक पिशवी माती आणि सगळं सुरळीत. त्यांना मोह झाला, चांगला सणसणीत झाला. त्या प्रयोगशाळेत आल्या आणि हत्तुरेंची सूचना त्यांनी पूनमला जशीच्या तशी सांगितली, स्वतःचं मत न देता.

पूनम बशा धूत होती. तिनं विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"मॅडम, मग मला कळणार कसं?" ती म्हणाली. "मला खरंच बघायचंय, काय होतं ते."

मॅडमना लाज वाटली आणि लगेच बरंही वाटलं. त्यांनी टॉवेल घेतला आणि धुतलेल्या बशा पुसायला लागल्या. त्यानंतर बांधाच्या मातीचा विषय कुणी काढला नाही.

आढाव्याला येमूल आले, हत्तुरे आले, प्राचार्यांनी चहा मागवला. पूनम उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली की प्रयोग बिघडला आहे. हत्तुरे छताकडे बघायला लागले. कुणी बिघडवला, असं येमूलनी विचारलं. कोरी पट्टी कोरी का ठेवायची हे आम्ही वडिलांना नीट सांगितलं नव्हतं, ती चूक आमची, असं पूनम म्हणाली. मग दुसरं रान मिळवून सगळं पहिल्यापासून कसं करता येईल ते तिनं मांडलं. अडचण एकच होती. पावसाळ्याआधी शेतकरी ढेकळं फोडायला रानात कुळव फिरवतात, आणि एकदा कुळव फिरला की माती सगळी एक होते. त्याच्या आत सगळं उरकायला हवं.

येमूल काही भला माणूस असल्याचा आव आणणाऱ्यातले नव्हते. पैसा त्यांचा होता आणि तो त्यांना कळत होता. "आमच्यात रंगाचा लॉट बिघडला तर मी कारागिराला लगेच काढत न्हाई," ते म्हणाले. "पण दुसरा बी बिघडला तर ठेवत न्हाई. नवं रान मी स्वतः येऊन बघणार. तितं काम दिसलं तर पुढचा हप्ता. न्हाईतर मॅडम, ही योजना हितंच संपली. पुढं मला विचारायला यायचं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, या.

त्याच दुपारी दोघी वस्तीवर गेल्या. बिरुदेवला एव्हाना आपलं काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते उमगत नव्हतं, आणि त्यामुळे तो जास्तच घुम्यासारखा बसला होता. मॅडमनी या वेळी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांना ते जमलं होतं. पूनम बापासमोर जमिनीवर बसली.

"आप्पा, मेंढरांना नवं औषध आणलं की समद्यांना एकदम देता का?"

"न्हाय की. चार-दोन तशीच ठिवायची."

"का? त्यांनी काय पाप केलंय?"

"पाप कशाचं? समद्यांना दिलं तर औषधानं बरी झाली का आपसूक, ते कळायचं कसं?" बिरुदेव बोलता बोलता थांबला. मग त्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला. "आरं तिच्या," तो हळूच म्हणाला. "म्हंजी ती पट्टी उपाशी नव्हती."

समजलं, पण रान कुठून आणायचं? घरचं एकच रान होतं आणि ते सगळं माखलेलं. शेजारच्या बिभीषणचं रान मोकळं होतं, पण अर्ध्या रानात मेंढरं बसवायचं नाव काढताच तो उखडला. अर्धी ज्वारी हिरवी आणि अर्धी पिवळी उभी राहिली तर सगळा गाव मला हसेल, असं त्याचं म्हणणं. बिरुदेव त्याच्याशी हुज्जत घालत बसला नाही. धान्य घेणार नाही, तो म्हणाला. माती उचलून झाली की उरलेल्या अर्ध्यातही मेंढरं बसवून देईन, त्याचंही काही नको. बिभीषणनं थोडे आढेवेढे घेतले आणि कबूल झाला.

मग बिरुदेवची खरी परीक्षा सुरू झाली. रोज सांजेला मेंढरं रानात उतरत आणि येणारे-जाणारे बांधावर थांबत. बिरुदेवला म्हातारपणी रान मोजता येईना झालं, असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, पोरगी शिकली आणि बापाचं अर्धं डोकं गेलं. ज्यानं जन्मभर कुणाच्या रानात तळहाताएवढी जागा कोरी सोडली नव्हती, तो माणूस हे ऐकून घेत होता. पूनम फोनवर मॅडमना हे सांगे आणि सांगताना तिचा आवाज चिरके. मॅडम तिला विचारत, दोरी ताठ आहे ना? ती म्हणे, आहे. आप्पा दोरीवरच अंथरूण टाकून झोपतात.

शेवटची रात्र सरली आणि सकाळी मॅडम पिशव्या, खुरपी, टेप घेऊन पोचल्या. येमूलही ठरल्याप्रमाणे आपली गाडी घेऊन आले होते. हत्तुरे आले नव्हते. येमूलनी बुटांची पर्वा न करता ढेकळांतून रान पालथं घालायला सुरुवात केली. दोरीच्या अलीकडे लेंड्यांचा थर, पलीकडे नुसती काळी माती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागलं. मॅडमनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात बिरुदेव पुढं आला. त्याचे डोळे तारवटलेले होते. त्यानं हात जोडले, तेही येमूलना नाही, मॅडमना.

"बाई, रातच्याला एक मेंढरू पल्याड गेलतं. माजा डोळा लागला. जागा झालो तर त्या तितं बसलं व्हतं. लेंड्या म्या उचलणार व्हतो, पर मग म्हनलं, उचलल्या तर तुमास्नी कळायचं कसं. कुणी बगितलं न्हाय. तरी लिवून घ्या."

त्यानं बोट केलं तिकडे कोऱ्या पट्टीच्या कोपऱ्यात दगडांचा एक गोल मांडलेला होता. येमूल त्या बाजूला अजून पोचलेच नव्हते. एवढं सगळं जमून आलं आणि या माणसानं पैसे देणाऱ्याच्या तोंडावर, न विचारता, सांगून टाकलं. पण मॅडमना राग येईना. त्यांनी टेप काढून पूनमच्या हातात दिला.

येमूल दगडांपाशी गेले, वाकून बघितलं, परत आले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं.

"ह्यांना हे शिकवलं कुणी?"

"पूनमनं," मॅडम म्हणाल्या.

येमूलनी रुमालानं मान पुसली. पुढचा हप्ता सोमवारी मिळेल, ते म्हणाले, आणि पुढच्या उन्हाळ्याला किती पोरं घ्यायची ते मॅडमनी ठरवून कळवावं. मॅडम म्हणाल्या, कळवते. तिकडे पूनम वही उघडून दगडांच्या गोलाशी बसली होती. मेंढरू किती वेळ बसलं, कुठल्या बाजूनं आलं, असं एकेक ती विचारत होती, आणि बिरुदेव टेपचं दुसरं टोक धरून, आठवून आठवून उत्तरं देत होता.