शटरमागची भिंत

गॅरेजचं शटर कापायला अग्निशमन दलाला फारसा वेळ लागला नाही. वेळ गेला तो त्यामागच्या भिंतीत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला आत गाडी आहे असं वाटावं म्हणून गॉर्डन टटलने शटर तसंच ठेवलं होतं, आतून भिंत घालून खोली केली होती आणि ती परवानगीवाचून भाड्याने दिली होती. व्हॅन नाइस या उपनगरातल्या त्या गल्लीत निम्म्या गॅरेजांची हीच कथा. पण टटलला ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली असं वाटे.

भाडेकरू येसेनिया मागच्या दाराने निसटली होती. बेकरीतला एप्रन घालून ती हिरवळीवर उभी होती. भिंतीतला प्लग तापतो हे तिने टटलला कितीदा तरी सांगितलं होतं. "विजेच्या दोन शेगड्या कशाला लागतात तुला? गावजेवण घालतेस का?" असं म्हणून तो हसला होता.

दलाच्या प्रमुख, ब्रँडव्होल्ड नावाच्या उंच बाई, काजळी पुसत आल्या. "आत कोण राहत होतं?"

"कोणी नाही," टटल म्हणाला. "अडगळ होती. गवत कापायचं मशीन, नाताळचे दिवे."

"आणि पलंग? फ्रिज?"

"तीही अडगळच."

"ही कोण?"

"पाहुणी."

बाई नळीकडे वळताच तो येसेनियाच्या कानाशी लागला. "पाहुणीच म्हण हं. भाडेकरू म्हणालीस तर विमा गेला माझा. तुला दिवाणखान्यात झोपू देईन. सोफा चांगला आहे."

येसेनियाला ठाऊक होतं, भाडेकरू म्हणून नोंद झाली तर महापालिका तिला दुसरीकडे राहायची सोय करून देईल. पाहुणीला कोण विचारतं?

"मी इथे राहते," ती मोठ्याने म्हणाली. "तीन वर्षं झाली. याला भाडं देते."

"कृतघ्न बाई! छप्पर दिलं तुला मी!"

"मिस्टर टटल," ब्रँडव्होल्डबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या भिंतीशी आम्ही झुंजत होतो तेव्हा ही आत असती तर?"

"नव्हती ना पण! आणि ते शटर कापलंत, त्याची भरपाई कोण देणार?"

येसेनियाने त्याच्याकडे पाहिलं. पायात सपाता, ओठाच्या कोपऱ्यात कॉफीचा डाग. ह्या माणसाला आपण तीन वर्षं भीत होतो याचीच तिला लाज वाटली.

बाईंनी नोंद करायला फोन काढला. "पूर्ण नाव?"

"येसेनिया ओरेयाना," ती म्हणाली, आणि आडनावाचं एकेक अक्षर सावकाश सांगू लागली.