पाचव्या नंबरची तबकडी

मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, मित्रांनो. लाकडी अंग, वर झाकण आणि आत गरगर फिरणारी थाळी. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "आवाज गोड आहे हो याचा!" ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे.

तिथून मी कपडे शिवणाऱ्या एका मुलीकडे आलो. आज सगळे तिला मावशी म्हणतात. साठच्या दशकातल्या एका रॉक बँडच्या पाचही तबकड्या तिच्याकडे होत्या. तिचं शिलाई मशीन आणि मी जोडीने चालायचो. पुढे घरात नवी यंत्रं आली, माझ्यावर कापडाचे गठ्ठे बसले आणि मला कुणी ढुंकूनही विचारेना. फार वाईट वाटायचं.

परवा मावशीच्या भाचीने मला उकरून काढलं. माझी सुई पार झिजली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवी बसवतो. बदल्यात या बँडची एक तबकडी द्या. कुठलीही चालेल, मला तिचं कव्हर दुकानात लावायचंय."

मावशीने हात झटकले. "मी निवडायला बसले तर एकही जाणार नाही. तुम्हीच नंबर लावा. पाचवी येईल ती द्या."

मावशीचा भाऊ, म्हणजे भाचीचा मामा, आणि भाची जुन्या सुईवरच एकेक तबकडी ऐकत माझ्यासमोर मांडी ठोकून बसले. पहिल्या नंबरावरून दोघांची चांगलीच जुंपली. मामाला ड्रमचा दणदणाट हवा, भाचीला गिटार. माणसं एका गाण्याला वर आणि दुसऱ्याला खाली कशावरून बसवतात, याचं मला भारी कुतूहल. मी तर सगळी सारखीच फिरवतो! पाचवीवरून मात्र वाद झाला नाही. ती सुरुवातीपासून खरखरत होती.

"घासून घासून गेलीय बिचारी," मामा म्हणाला. "हीच जाऊ दे."

तेवढ्यात सुईने उडी मारली. टक्!

भाची दचकली. "मामा, हे तर मावशीचं गाणं!"

मावशी काजं करताना रोज एक चाल गुणगुणते आणि मध्येच जिभेने टक् करते. घरात सगळ्यांना ती चाल तशीच येते, त्या टक् सकट. भाचीला वाटायचं, ती मावशीनेच रचली आहे.

पलीकडचं शिलाई मशीन थांबलं. मावशी दारात आली. "लागले का नंबर?"

"ही पाचवीच," भाची म्हणाली. "पण ही द्यायची नाही."

मावशीचे डोळे भरून आले. "अगं, शब्द दिलाय मी त्याला."

"त्याला कव्हर हवंय ना? मग कव्हरच देऊ!"

"आणि तबकडी काय उघडी ठेवणार?" मामाने विचारलं.

"मग मी इतकी वर्षं काय शिवत बसलेय?" मावशी म्हणाली.

दुरुस्तीवाला कव्हरवर खूश झाला. मलाही नवी सुई मिळाली. मित्रांनो, तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने हलकेच काढा, बोट लावू नका. आणि एखादी वस्तू खरखरते म्हणून टाकण्याआधी, ती कुणाच्या प्रेमाने झिजली एवढं विचारा. त्या तबकडीला आता निळ्या मखमलीची खोळ आहे. खोळीवर मावशीने स्वतः पिवळ्या दोऱ्याने, ऐटीत, आकडा भरला आहे: पाच.