दातेरी चाकावरचे ग्रीस

मित्रांनो, माझा नारिंगी रंग आता चाकांच्या वर तेवढाच उरला आहे. मी बर्फ उडवणारे एक जुने यंत्र आहे. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या काठी, तांब्याच्या खाणींच्या एका गावात, एका लाकडी छपरीत माझे आयुष्य गेले. माझ्या तोंडात लोखंडी मळसूत्र आहे. ते समोरचा बर्फ ओढून घेते आणि डोक्यावरच्या नळीतून लांब फेकते. आमच्याकडे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ पडतो. ज्याच्या दारापासून सडकेपर्यंत वाट मोकळी नाही, त्याच्या घरी दूध पोचत नाही आणि डॉक्टरही पोचत नाही.

मी कोणत्या कारखान्यात जन्मलो, हे मला आठवत नाही. मला आठवते ते तौनो आणि त्याची बायको लेम्पी यांचे अंगण. तौनो खाणीत एकतीस वर्षे राबला. माणसांचा पाळणा जमिनीखाली सोडणारे जे मोठे यंत्र होते, त्याला ग्रीस लावायचे त्याचे काम. खाण बंद पडली, पण बोटांची ती सवय गेली नाही. दरवर्षी पानगळ सुरू झाली की तो ग्रीसचा डबा काढायचा आणि दारांच्या बिजागऱ्या, कुलपे, विहिरीचा पंप, सगळ्यांना बोटबोट लावत फिरायचा. लेम्पी म्हणायची, "मी जरा वेळ स्वस्थ बसले तर मलाही लावशील."

"तू करकरतेस कुठे?" तौनो म्हणायचा. त्याच्या तोंडून एवढे कौतुक म्हणजे खूप झाले.

लेम्पी रोज पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून प्रार्थना म्हणायची, त्याशिवाय कॉफीचा घोट घ्यायची नाही. त्या खिडकीतून माझी छपरी दिसते. मी मनात धरून चाललो होतो की त्या प्रार्थनेत थोडा वाटा माझाही असेल.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. तौनो आधी शेजारच्या अर्वोची वाट मोकळी करायचा, मग स्वतःची. अर्वो आभार मानायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो तौनोच्या पायरीवर मासे ठेवून जायचा, आणि तौनोही त्याबद्दल काही बोलायचा नाही. आमच्या वस्तीत असेच चालते. इथले लोक एक गोष्ट एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगणे म्हणजे समोरच्याला अडाणी समजणे.

मग तौनोचे हृदय दुखावले. डॉक्टरांनी सांगितले की फावडे धरायचे नाही आणि माझी दोरी तर मुळीच ओढायची नाही. मला सुरू करायला एक दोरी हिसक्याने ओढावी लागे, आणि कडक थंडीत ती पाच-सहा वेळा ओढावी लागे. तेव्हा अर्वोने मला विजेवरचा स्टार्टर बसवून दिला. तो गावातल्या करवती, पंप, मोटारी दुरुस्त करतो. घरातली वायर आणून माझ्या कुशीत लावायची आणि बटण दाबायचे. आतली छोटी मोटर फिरते, तिच्या दांड्यावरचे दातेरी चाक पुढे सरकते, इंजिनाच्या मोठ्या चाकात दात रोवते आणि मला जागे करते. बटण पाच मोजेपर्यंतच दाबायचे, नाहीतर मोटर जळते, असे अर्वोने बजावले. लेम्पी पाच मोजायची नाही. "प्रभू, आमच्यावर दया कर" एवढे म्हणायची, आणि तेवढ्यात मी सुरू व्हायचो. दोन हिवाळे तौनोच्या छातीवर माझा भार पडला नाही.

तिसऱ्या वर्षीच्या पानगळीत तौनोने स्टार्टरचे झाकण उघडले. आत ते दातेरी चाक आणि त्याचा दांडा त्याला कोरडे ठणठणीत दिसले. "बिचारं उपाशी राहिलंय," तो पुटपुटला, आणि डब्यातले काळे, दाट ग्रीस त्याने अंगठ्याने दाबून दाबून भरले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मला त्या वेळी फार बरे वाटले.

जानेवारीत पारा शून्याखाली वीसवर गेला. लेम्पीने बटण दाबले. मोटर गरगर फिरली, पण मी हललो नाही. तिची ओळ म्हणून झाली. तिने थांबून पुन्हा दाबले. पुन्हा नुसती गरगर.

तौनोने आधी वायर बदलली. मग घरातल्या खटक्यावर दिवा लावून पाहिला, तो लख्ख पेटला. बटणाच्या मागचे स्क्रू आवळले. शेवटी स्टार्टर सोडवून त्याने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वेलदोड्याच्या पावाशेजारी ठेवला आणि वायर लावली. चाक टुणकन पुढे आले. पुन्हा लावली, पुन्हा आले. त्याने तो बाहेर आणून मला जोडला. तासाभराने परत तेच. मोटर फिरते, चाक जागचे हलत नाही.

"घरात शहाण्यासारखं वागतं आणि बाहेर हट्ट करतं," तौनो म्हणाला. "माझ्या सासूसारखं."

लेम्पी हसली. मला हसू येत नव्हते. मला कारण ठाऊक होते. चुलीच्या उबेत ग्रीस मऊ पडायचे आणि चाक सरकायचे. छपरीत तेच ग्रीस डांबरासारखे घट्ट व्हायचे आणि चाकाला दांड्याशी धरून ठेवायचे. हे मी कोणाला आणि कसे सांगणार?

त्या दुपारी अर्वो कॉफीला आला. तौनोने त्याला सगळे सांगितले. अर्वोने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला, आणि मग विचारले, "चाकाला ग्रीस लावलंस का?"

"लावलं. कोरडं होतं."

"ते कोरडंच ठेवायचं असतं. रॉकेलनं धुऊन टाक."

तौनोने कप खाली ठेवला. त्याचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. तो म्हणाला, "एकतीस वर्षं. एकेका पाळीला चाळीस माणसं त्या पाळण्याच्या दोराला लटकायची. एकदाही तो अडला नाही. आणि तू मला सांगतोस, ग्रीस वाईट?"

अर्वोने सांगायचे ते सांगितले होते. तो मासेमारीच्या गोष्टी करू लागला. भांडी पुसत उभ्या असलेल्या लेम्पीनेही ते ऐकले होते. तीही काही बोलली नाही.

मग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी सडक साफ करणारी सरकारी गाडी आली आणि जाता जाता आमच्या वाटेच्या तोंडाशी छातीएवढी बर्फाची भिंत लोटून गेली. अर्वो बहिणीच्या गावी अडकला होता. लेम्पी प्रार्थनेला बसली होती. तौनो छपरीत आला. त्याने बटण दाबले, मोटर गरगरली. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने हातमोजा काढला आणि दोरी धरली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात होते नव्हते तेवढे बळ मी एकवटले. पण माझे तेल गोठले होते. त्याने एकदा ओढली, दोनदा ओढली. पाचव्या हिसक्याला मी खोकलो. आणखी एकच, असे मला वाटले. त्यालाही तसेच वाटले असावे. सातव्या हिसक्याला मी धडधडून सुरू झालो. तौनो माझ्या चाकाला पाठ टेकून हळूच खाली बसला. मी चालत होतो आणि तो बसला होता. माझा आवाज ऐकून लेम्पीला वाटले, काम सुरू झाले. तिने प्रार्थना पुरी केली. मग ती बाहेर आली, त्याला तसा बसलेला पाहिले आणि फोनकडे धावली.

दवाखान्याची गाडी त्या भिंतीपाशी थांबली. दोन माणसांनी तौनोला बर्फावरून उचलून नेले. ती माणसे मांडीपर्यंत रुतत होती. दवाखाना यायच्या आतच तो गेला.

पुढे आठवडाभर शेजारी फावडी घेऊन येत राहिले. लेम्पी दारात उभी राहून "देवाची शांती असो" म्हणायची आणि कॉफी द्यायची. माझ्याकडे ती बघत नसे. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब आठवडा होता.

मग एका सकाळी ती अर्वोला घेऊन छपरीत आली. अर्वो म्हणाला, मी पाच मिनिटांत करून देतो. ती म्हणाली, "नको. तू फक्त सांग. हात माझे."

त्याने कोणते दोन बोल्ट काढायचे ते दाखवले. तिने स्टार्टर सोडवला, बादलीवर फळी टाकून त्यावर ठेवला आणि झाकण काढले. दांड्याच्या मुळाशी ग्रीस साठले होते, आणि त्यात तौनोच्या अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा उमटलेला होता. एकेक रेष दिसत होती.

लेम्पीच्या हातातले रॉकेलचे फडके थांबले. अर्वो टोपी काढून बाजूला उभा राहिला. तो म्हणाला, "मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं."

"मीही ऐकलं होतं, अर्वो," लेम्पी म्हणाली. "मी तर रोज त्याच्या शेजारी झोपत होते."

तिचे ओठ थोडे हलले. मग तिने फडके टेकवले आणि तो ठसा पुसला. एकेक दात, एकेक खाच तिने रॉकेलने धुतली, कोरड्या कापडाने टिपली. तिने स्टार्टर पुन्हा जोडला, वायर लावली, बटण दाबले. चाक चटकन पुढे आले आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झालो. कोणी हसले नाही. लेम्पीने माझ्या मुठी धरल्या आणि सडकेपर्यंतची वाट मोकळी केली. आधी अर्वोची, मग स्वतःची.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या नळीला भेगा पडल्या आहेत. माझ्यासारख्यांची काळजी घ्या, असे मी म्हणेन. पण कोणाला काय मानवते ते आधी विचारून घ्या. तौनोच्या मायेत काही खोट नव्हती, तिला फक्त माहिती नव्हती. ती माहिती त्याच्याच टेबलावर एकदा येऊन गेली आणि सगळे गप्प बसले. मी यंत्र आहे, मला वाचा नाही. तुम्हाला आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला एकदा सांगून थांबू नका. तो रागावेल, मान ताठ करेल, कप खाली ठेवेल. तरी त्याच्याजवळ बसा आणि पुन्हा सांगा.