नोव्हेंबर एक्क्याण्णवचा चार्ट

"मॅडम, यानं मरियम्मा सिस्टरना अर्धं केलंय," साकेत म्हणाला आणि ओशाळून खुर्चीत मागे सरकला.

कौसल्याबाईंनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं. मंगळवारी सकाळी मरियम्मा सिस्टर, शून्य पूर्णांक पाच ऑपरेशन थिएटरमध्ये आणि शून्य पूर्णांक पाच मेल वॉर्डात.

"यात नवीन काय? अर्धी नर्स आम्ही रोजच चालवतो," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशीननं ते कबूल केलं, एवढंच."

साकेत हसला. नोएडाच्या एका छोट्या कंपनीत तो कामाला होता. ट्रस्टच्या लोकांनी इस्पितळाला नवीन विंग बांधली, खाटा ऐंशीच्या दीडशे केल्या, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आता नर्सेसची ड्यूटीही कम्प्युटरनंच लावावी. म्हणून हा पुण्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा गेले आठ दिवस फरीदाबादला येऊन मेट्रनच्या ऑफिसात बसत होता. पहिल्या दिवशी दोघं तासभर हिंदीत बोलली. मग साकेतच्या डब्यात थालीपीठ निघालं आणि हिंदी तिथेच संपली.

कौसल्या ढोके या इस्पितळात एकोणीस वर्षं मेट्रन होत्या. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला त्या टेबलावर एक मोठा ड्रॉइंग पेपर पसरत, उभ्या-आडव्या रेघा मारत, आणि पेन्सिल, खोडरबर घेऊन बसत. सकाळ, संध्याकाळ, रात्र आणि ऑफ. एकीला हलवलं की तिघींचं बिघडे. त्या तिघींना बसवलं की सर्जिकल वॉर्ड उघडा पडे. चार्ट लागेपर्यंत नाकी नऊ येत, आणि लागल्यावर आठ-दहा जणी तरी तोंड फुगवून बसतच. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता: चार्टमध्ये कुणाशी पक्षपात झाला, असं कुणी म्हणता कामा नये.

साकेतनं त्यांना पेन्सिलीला हात लावू दिला नव्हता. त्यानं फक्त नियम विचारले. रात्रपाळीनंतर सकाळची पाळी नाही. सलग सहा दिवसांच्या वर ड्यूटी नाही. आयसीयूत शिकलेलीच नर्स हवी. असे सांगता सांगता नऊ नियम झाले. बाईंनी ते आयुष्यात कधी लिहून काढले नव्हते, आणि इतके थोडे निघाले याचंच त्यांना नवल वाटलं.

"बास? यावरून हा चार्ट लावणार?"

"तुम्ही काय हवं आणि काय चालणार नाही, तेवढं सांगायचं. कसं करायचं ते तो बघतो." साकेतनं कागदाच्या पाठीवर चार तिरक्या रेघा मारल्या. "हे एक शेत समजा. प्रत्येक नियम म्हणजे एक कुंपण. कुंपणांच्या आतली कुठलीही जागा म्हणजे चालू शकणारा एक चार्ट. आता सगळ्यात चांगला कुठला? तर तो कोपऱ्यावरच सापडतो, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. म्हणजे अख्खं शेत तुडवायला नको. एका कोपऱ्यावरून शेजारच्या, आणखी चांगल्या कोपऱ्यावर जायचं. असं करत करत जिथून पुढे चांगला कोपराच नाही, तिथे थांबायचं."

"आणि थांबला म्हणजे?"

"म्हणजे याहून चांगला चार्ट नाही. कुणालाच काढता येणार नाही. माणसांचे तुकडे पडू नयेत म्हणून अजून थोडं काम लागतं, पण शेवट हाच."

"एकूण चार्ट होतात तरी किती?"

त्यानं कॅलक्युलेटरवर बोटं चालवली. "चौतीस नर्सेस, तीस दिवस धरू, रोज चार शक्यता. एकावर सहाशे चौदा शून्यं."

एकोणीस वर्षं बाई त्या अफाट रानात एक पेन्सिल घेऊन शिरत होत्या. हातात चार्ट घेऊन बाहेर पडत, पण दर वेळी मनात राहून जाई की याहून बरा निघाला असता का. या प्रश्नाला उत्तर असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि हा काल-परवाचा पोरगा म्हणत होता की असतं, आणि तेही जेवणाच्या सुटीत मिळतं. देवळात कधी न गेलेल्या त्या बाईला त्या क्षणी हात जोडावेसे वाटले.

डबा खाऊन परत येईपर्यंत डिसेंबरचा चार्ट तयार होता. सगळ्या नर्सेस अखंड होत्या. बाईंनी बोटानं एकेक ओळ तपासली. एकही नियम मोडला नव्हता, आणि सतरा जणींना मागितलेली सुटी मिळाली होती. त्यांच्या हातून ही संख्या कधी अकराच्या वर गेली नव्हती.

"साकेत," त्या म्हणाल्या, "जुना महिना घालता येईल का यात? होऊन गेलेला?"

"येईल की. कुठला?"

त्यांनी कपाट उघडून मागची एक गुंडाळी काढली. नोव्हेंबर एक्क्याण्णव. सात ते बारा तारखांच्या रकान्यांत कागद खोडून खोडून झिरझिरीत झाला होता, आणि एका जागी तर आरपार भोक होतं.

"यात कल्पना मेश्राम आहे. तिला हे सहा दिवस सुटी देता आली असती का, एवढंच विचारायचंय."

मग त्यांनी सांगितलं. कल्पना पवनीजवळच्या खेड्यातली. बाईंच्याच शब्दावर नागपूरहून इकडे आलेली. घरी एकमेकींना 'जयभीम' म्हणणाऱ्या या दोघी इस्पितळात मात्र परक्यासारख्या वागत. त्या दिवाळीत कल्पनाला तार आली, आई गंभीर. ती तार घेऊन याच टेबलासमोर उभी राहिली. बाईंनी सबंध दिवस चार्टशी झटापट केली. दिवाळीत जळालेल्या पेशंटांची गर्दी, तीन नर्सेस टायफॉइडनं पडलेल्या. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, निघत नाही. चौथ्या दिवशी दुसरी तार आली.

"आपल्यातली म्हणून दिली असं म्हणतील, ही भीती होती का रे मनात? होती. मी नाही म्हणणार नाही. पण मी खोडरबर सोडला नव्हता. खरंच निघत नव्हतं का मला काढता येत नव्हतं, हे सहा वर्षं मला कळलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तिनं त्यानंतर एकदाही सुटी मागितली नाही. आठवड्याचा ऑफ सोडला तर एकही नाही."

ऑफिसातून साकेतनं एक्क्याण्णवचं हजेरीबुक मागवलं आणि नावं टाइप करायला बसला. कोण आजारी, कोण रजेवर, आयसीयूत शिकलेली कोण, हे बाई सांगत गेल्या. त्यांना सगळं पाठ होतं.

चार वाजता प्रिंटर करकरायला लागला. साकेतनं कागद फाडून त्यांच्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाला, "निघतंय, मॅडम."

बाईंनी आधी कल्पनाची ओळ पाहिली. सात ते बारा, ऑफ, ऑफ, ऑफ. सहाही दिवस. मग इतकी वर्षं चार्ट लावणाऱ्या बाईसारख्याच त्या कामाला लागल्या. कल्पनाच्या जागी कोण आलं? फीमेल वॉर्डात संध्याकाळी दुसरी हवी होती, तीच तर मिळत नव्हती. आठ, नऊ, दहा, अकरा. फीमेल वॉर्ड, संध्याकाळ. त्या चार चौकोनांवरून बोट डावीकडे सरकवत त्या नावापर्यंत गेल्या.

ढोके, के.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

"हो. हजेरीबुकात पहिलंच नाव होतं. काही चुकलं का?"

"मेट्रन वॉर्डात ड्यूटी करत नाही."

"हा नियम तुम्ही सांगितला नव्हता," साकेत म्हणाला. त्यानं ते अगदी सरळ म्हटलं, त्याच्या मनात काही नव्हतं.

बाईंनी बोट नावावरून उचललं. मग म्हणाल्या, "माझं नाव काढ आणि परत लाव."

या खेपेला दोन मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर एकच ओळ आली. साकेतनं ती वाचून मराठीत सांगितली. "शक्य नाही. तुम्ही नसाल तर कुठल्याच प्रकारे शक्य नाही. तुमचं बरोबर होतं, मॅडम. तुम्ही महिनाभर बसला असता तरी निघालं नसतं."

सहा वर्षं जे ऐकायला त्या तळमळत होत्या, ते हेच वाक्य होतं. आणि आता ते मिळालं, तर त्याचा काही उपयोग राहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकावर सहाशे शून्यं एवढ्या वाटा धुंडाळून त्या यंत्रानं बाईंपुढे बाईंनाच आणून उभं केलं होतं, रागानं नाही, दोष द्यायला नाही, कारण त्याला मेट्रन कोण आणि नर्स कोण हे ठाऊकच नव्हतं. बाईंना त्याची भीती वाटली आणि त्याचं मोठं नवलही वाटलं. असं निर्मळपणे त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फीमेल वॉर्डाच्या मागच्या खोलीत गेल्या. कल्पना तिथे सिरिंज मोजत होती. आता ती वॉर्डाची इनचार्ज होती, कानशिलावर दोन-चार पांढरे केस आले होते. बाईंनी प्रिंटरचा कागद तिच्यापुढे धरला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. आपल्या बाजूचं एकही वाक्य घातलं नाही.

कल्पनानं कागद पाहिला. तिचं मोजणं थांबलं.

"मॅडम, हे आम्हाला माहीत होतं ना," ती म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यांना. मरियम्मा सिस्टर तर त्याच दिवशी बोलली, मेट्रन चार शाम इधर आ जाती तो हो जाता."

"मग मला कुणी सांगितलं का नाही? तू तरी?"

"तुम्हाला?" कल्पनाला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही दिवसभर माझ्यासाठी चार्ट खोडत होत्या. मी दाराच्या काचेतून बघत होती. वाटलं, आता सुचेल, आता सुचेल. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली मी."

"माझं चुकलं, कल्पना," त्या म्हणाल्या. "फार मोठं चुकलं."

कल्पना 'असू द्या' म्हणाली नाही. तिनं कागदाची घडी केली, पदराला पुसल्यासारखा हात एप्रनला पुसला आणि पुन्हा सिरिंज मोजायला लागली. बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"मॅडम, मले सुटी पाहिजे. सहा दिवस."

"कधी?"

"जानेवारीत. आईचं घर कुलूपबंदच आहे. एकदा उघडून झाडून यावं म्हणते."

जानेवारीचा चार्ट कम्प्युटरनं लावला. त्यात नावं पस्तीस होती. ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला की मॅडम, यादीत काही गडबड झाली आहे, मेट्रनचं नाव आलंय. बाई म्हणाल्या, गडबड नाही, कोपरा आहे. त्या माणसाला काही कळलं नाही आणि बाईंनी समजावलंही नाही.

नऊ जानेवारीला दुपारी दोनला त्या फीमेल वॉर्डात आल्या. बाहेर धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. एकोणीस वर्षांत अंगाला न लागलेला पांढरा एप्रन खांद्यात जरा घट्ट होत होता. सगळ्या नर्सेस काही ना काही काम काढून व्हरांड्यात रेंगाळत होत्या. कल्पनाची बॅग कोपऱ्यात तयार होती, निजामुद्दीनहून संध्याकाळची गाडी होती. तिनं वही उघडली आणि एकेका खाटेपाशी थांबत चार्ज द्यायला सुरुवात केली. बाई तिच्या मागून, अर्धं पाऊल मागे राहून चालत होत्या.

"चार नंबर, रात्री ताप होता, रक्त पाठवलंय, रिपोर्ट तुम्हीच मागवायचा. सात नंबर, उद्या ऑपरेशन, आठनंतर पाणी पण नाही. अकरा नंबरचं सलाइन पाचला बदलायचं. विसरायचं नाही."

"नाही विसरणार, सिस्टर," कौसल्याबाई म्हणाल्या.

कल्पनानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या, बॅग उचलली आणि दारातून वळून वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, म्हणाली, "जयभीम, मॅडम."

"जयभीम."

ती गेल्यावर बाई अकरा नंबरपाशी गेल्या. खाटेवर बल्लभगडकडची एक म्हातारी होती. तिनं डोळे किलकिले करून या जाड चष्म्याच्या, पिकल्या केसांच्या नर्सकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नई आई सै के, सिस्टर?"

"हां अम्मा, नई हूं," बाई म्हणाल्या, आणि वाकून सलाइनचे थेंब मोजू लागल्या.