जुना लाकडी पंखा

केदारखेड्याच्या त्रिंबक म्हस्क्यांनी जन्मभर दुसऱ्यांची विमानं उडवली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं घेतलं. साठच्या दशकातलं पुष्पक, कापडी अंगाचं, दोघांपुरतं. ते जालन्याजवळच्या धावपट्टीवर उभं असायचं. त्याच्या नाकावरचा पंखा लाकडी होता, आणि विमान इतकं सावकाश जायचं की फ्लाइंग क्लबातले मित्र हसायचे. त्रिंबकरावांना ते लागलं. त्यांनी पात्यांना जास्त पीळ असलेला दुसरा पंखा मागवून बसवला. एकटे उडाले की विमान खरंच सुसाट जाई.

वैशाखात त्यांनी थोरल्या बहिणीला, गोपिकाबाईंना, गावावरून फिरवून आणायचं ठरवलं. गोपिकाबाई नवं लुगडं नेसून आल्या. निघताना गल्लीतल्या बायांना सांगून आल्या होत्या, "आज वर बघत ऱ्हा."

विमान पळालं. उन्हानं हवा पातळ झालेली, त्यात दोघांचं वजन. पट्टी सरत आली तरी चाकं जमिनीलाच. त्रिंबकरावांनी वेळीच इंजिन कमी केलं आणि टोकाशी विमान थांबवलं.

गोपिकाबाई उतरल्या. "माझ्या वजनानंच अडलं म्हणायचं. आता मी काय बसत न्हाई, बाबा. बायांना काय सांगू?"

त्रिंबकरावांची लेक तृप्ती विमानदुरुस्तीची इंजिनिअर. सुट्टीला आली होती. ती आत्याजवळ गेली.

"आत्या, तुमचं वजन न्हाई, अण्णांचा हट्ट जड झाला. भरली ट्रॉली चढावर टॉप गिअरात ओढता का?"

"ट्रॅक्टर बंद पडंल की."

"मंग तेच झालं. हा पंखा दर फेऱ्याला हवेचा मोठा घास घेतो. वर गेल्यावर वेग मिळतो, पण पट्टीवर इंजिनाला त्याच्यानं दम लागतो. जुना पंखा लहान घास घेतो, म्हणून इंजिन मोकळं फिरतं आन विमान चढतं."

"आन क्लबातले मंग परत हसतील," त्रिंबकराव म्हणाले.

"क्लबातल्यांना हरवायचंय का आत्याला वर न्यायचंय?"

त्रिंबकरावांनी बहिणीच्या नव्या लुगड्याकडं पाहिलं. "बसव जुना," ते म्हणाले.

तृप्तीनं जुना पंखा तपासून बसवला, बोल्ट नीट आवळले. त्रिंबकरावांनी आधी एकट्यानं फेरी मारली, मग स्वतः गावाला जाऊन, घरी परतलेल्या बहिणीची समजूत काढली. "अक्का, चूक माझी होती. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात दोघं निघाले. या खेपेला इंजिन खणखणीत गरजलं आणि विमानानं पट्टीच्या मध्यावरच जमीन सोडली. गोपिकाबाईंनी भावाचा दंड घट्ट धरला. "उठलं रे, त्रिंबक, उठलं!"

खाली पूर्णा नदी दिसली, मग गाव. रस्त्यावरची एक जीप त्यांच्या बरोबरीनं पळत होती. त्रिंबकरावांचा हात नकळत वेग वाढवायच्या दांड्याकडं गेला.

"जाऊ दे तिला," गोपिकाबाई ओरडल्या. "माझं शेत भुर्रकन निघून जाईल न्हाई तर!" त्यांनी सावकाश सगळं पाहिलं: विहीर, चिंच, गच्चीवर पदर हलवणाऱ्या बाया.

परत उतरल्यावर त्रिंबकरावांनी दार उघडलं. गोपिकाबाई हलेचनात.

"अक्का, उतर की."

"तेल हाये का आजूक?"

"आहे."

"मंग माझ्या लेकीच्या गावाला, अंकुशनगरला चल. तिला दिसू दे, तिची माय कुठून आली ते."

त्रिंबकराव हसत सुटले आणि त्यांनी तृप्तीला पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करायला हाक मारली.