धाकटीच्या हातातला कुंचला

मी एक जुना कुंचला आहे आणि मला शूर नायकांचा मनापासून तिटकारा आहे. मित्रांनो, तुम्हाला ते आवडतात हे मला ठाऊक आहे. तुम्ही त्यांची चित्रे दप्तरावर चिकटवता, त्यांच्यासारखे केस ठेवता. ठेवा बापडे. मी मात्र त्यांना फार जवळून पाहिले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्याशा प्राण्याच्या शेपटीचे केस, पत्र्याची पट्टी आणि लाकडी दांडा, एवढेच माझे कूळ. दुकानात एका मुलीने मला तळहातावर फिरवून पाहिले आणि ती म्हणाली, "हाच द्या. ह्याचं टोक छान आहे." आयुष्यात माझी स्तुती झाली ती तेवढीच.

त्या मुलीला सगळे धाकटी म्हणत. तिला दुसरे नाव असेलच, पण त्या घरात मी ते कधी ऐकले नाही. तिचा दादा मंगा काढायचा, म्हणजे जपानी धाटणीच्या, काळ्या-पांढऱ्या चित्रकथा. त्या दर आठवड्याला एका साप्ताहिकात छापून येत. खोलीत दोन टेबले होती. खिडकीजवळचे दादाचे आणि भिंतीकडे तोंड केलेले धाकटीचे.

कामाची पद्धत साधी होती. दादा निबने रेषा काढायचा आणि जिथे काळे हवे तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचा. मग धाकटी मला शाईत बुडवून ती जागा भरायची. कथा अवकाशातली, त्यामुळे पानोपानी फुल्याच फुल्या. तुम्ही ज्याला अथांग अवकाश म्हणता ना, ते धाकटीने एका मनगटाच्या जोरावर भरले आहे. नायक त्यातून नुसता फुकटात उडतो.

आता त्या नायकाचे प्रताप ऐका. त्याची धाकटी बहीण आजारी असते आणि काचेच्या पेटीत झोपलेली असते. हा तिच्या औषधासाठी ग्रहामागून ग्रह पालथे घालतो. मार खाऊन आडवा झाला की त्याला बहीण आठवते. मग मुठी वळतात, डोळ्यांत ठिणगी पडते आणि समोरचा राक्षस गारद. बहिणीला एवढेच काम. ती भांडत नाही, कंटाळत नाही, कधी काही मागत नाही. गाडीत पेट्रोल भरावे तशी ती कथेत भरलेली असते. तिचा चेहरा दादाने आपल्याच बहिणीवरून काढला होता, फक्त हनुवटीवरचा तीळ तेवढा पुसून टाकला होता. पेट्रोलला कशाला हवा तीळ?

एका सकाळी धाकटीची माझ्यावरची पकड सैल पडली. रेषेच्या आत राहणे जमेना.

"दादा, मनगट फार दुखतंय रे. जरा दवाखान्यात जाऊन येऊ?"

"एवढं प्रकरण संपू दे गं. मग मी स्वतः नेईन तुला."

प्रकरण संपले, दुसरे सुरू झाले. तिने पुन्हा विचारले, त्याने पुन्हा तेच सांगितले. दवाखाना रस्त्यापलीकडे समोरच होता. दादाच्या खिडकीतून त्याची हिरवी पाटी दिसायची. आणि हे महाशय त्या आठवड्यात नायकाच्या तोंडी वाक्य घालत होते, "तुझ्यासाठी मी सूर्यसुद्धा विझवीन!" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर वळसा थेट आकाशगंगेला होता.

मग एके दिवशी संपादक जिने चढून धापा टाकत आले.

"बहिणीला मारा आता," ते बसता बसता म्हणाले. "वाचक कंटाळलेत. ती गेली की नायक पेटेल, नायक पेटला की अंक खपेल. धाकटे, पाणी दे गं."

धाकटीने डाव्या हाताने पाणी दिले. पेला उजव्या हातात का घेतला नाही, हे दोघांपैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही.

दादाने पानभर मोठी चौकट आखली आणि काचेच्या पेटीवर फुली मारली. पेटीतला दिवा विझतो, सगळे काळे होते. धाकटी भरू लागली. अर्धे काळे झाले आणि तिच्या बोटांतले बळच गेले. मी निसटलो आणि गडगडत नायकाच्या थोबाडावरून गेलो. खोटे कशाला बोलू, मला बरेच वाटले.

"अगं, काय केलंस हे!" दादा ओरडला.

"बोटं मिटत नाहीयेत रे," ती म्हणाली. मनगट छातीशी धरून ती दाराकडे निघाली.

"थांब!"

ती वळली. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तसा चेहरा दादाला एकाही पानात कधी जमला नव्हता. पण दादाच्या हातात पेन्सिल होती.

"अशीच राहा. मान थोडी खाली घे. हात तसाच धर. शेवटच्या पानासाठी नेमकं हेच सापडत नव्हतं मला!"

धाकटीने मान ताठ केली. मग एकटीच जिना उतरून गेली.

दुपारी ती परतली तेव्हा हाताला कोपरापर्यंत पट्टा होता. "डॉक्टर म्हणाल्या, फार उशीर केलास. आता बारीक काम ह्या हातानं होणार नाही."

दादाने पट्ट्यावरून नजर काढून अर्धवट पान पुढे ओढले. मग म्हणाला, "मग काळं कोण भरणार?"

"फुल्या तू मारल्यास ना? भर तूच," धाकटी म्हणाली आणि आपली पिशवी डाव्या खांद्याला अडकवून निघून गेली.

अंक धडाधड खपला. लोक ढसाढसा रडले म्हणे. दादाची मुलाखतही छापून आली. धाकटे भावंड हीच माझी प्रेरणा, असे त्याने त्यात ओल्या डोळ्यांनी सांगितले आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मला रोज धुऊन, टोक नीट करून ठेवायची ती धाकटी. दादाने काळे कसेबसे भरले आणि मला शाईसकट डोक्यावर उभे केले. आता माझे केस दगडासारखे झाले आहेत.

माझे सोडा, कुंचले बाजारात पैशाला पासरी मिळतात. मित्रांनो, काचेच्या पेटीतल्या मुलीसाठी रडायला गावभर माणसे आहेत. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलीला रस्त्यापलीकडे न्यायला एकच माणूस पुरतो. तो माणूस व्हा. तेही होत नसेल, तर निदान तिच्या जिवावर गोष्टी रचू नका.